मुंगिंडीचा स्क्रम-हाफ आणि चौदा मतं

बारवन नदीच्या काठी, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांच्या ऐन सीमेवर मुंगिंडी नावाचं छोटं गाव आहे. कपाशीच्या पाहणीसाठी मला तिकडे वरचेवर जावं लागतं. सेसिल रमाली 1919 साली या गावात जन्मला. बाप अली राम, लाहोरकडून आलेला व्यापारी; आई इथल्या मूळनिवासी समाजाची. अली रामनं आपलंच नाव उलटं करून रमाली हे आडनाव लावलं. मुलगा सिडनीच्या वेशीवरच्या हर्लस्टोन शेतकी शाळेत गेला, तिथं रग्बी युनियन शिकला आणि 1938 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियाचा स्क्रम-हाफ म्हणून न्यूझीलंडच्या संघाविरुद्ध, म्हणजे ऑल ब्लॅक्सविरुद्ध, दोन कसोट्या खेळला.

पुढच्या वर्षी संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. 2 सप्टेंबर 1939 ला बोट इंग्लंडला लागली आणि दुसऱ्याच दिवशी महायुद्ध जाहीर झालं. तिथं एकही सामना झाला नाही. खेळाडूंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावर वाळूच्या पिशव्या भरल्या आणि मागे फिरले. परतीच्या वाटेवर मुंबईत एक सामना खेळले, तेवढाच. रमाली पुढे सैन्यात भरती झाला. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला, ब्रह्मदेशच्या रेल्वेवर राबला, तिथून नागासाकीकडच्या कोळसा खाणीत धाडला गेला आणि तिथं असतानाच अणुबॉम्ब पडला. त्यातूनही तो वाचला. 1998 साली वारला.

रमालीची गोष्ट आधी सांगितली, कारण ऑस्ट्रेलियात रग्बी युनियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिडनीच्या महागड्या शाळा, वकील, डॉक्टर आणि बँकवाले येतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. या खेळाचं दुसरं घर गव्हाच्या, मेंढ्यांच्या आणि आता कापसाच्या मुलखात आहे, आणि पडत्या काळात खेळाला याच घरानं आसरा दिला. मी मूळची अकोल्याकडची, कापसावर संशोधन करणारी. नोकरीसाठी नराब्राय या गावी आले आणि इथलीच झाले. मुलगा रग्बी खेळायला लागला, तसं क्लबचं हिशेबाचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून पैसा कुठून येतो, कुठं जातो आणि ठराव कुणाच्या मतानं होतो, हे मी जवळून पाहते आहे.

सुरुवात शहरातच झाली, यात वाद नाही. सिडनी विद्यापीठाचा क्लब 1863 चा मानतात. 1874 साली सिडनीत सदर्न रग्बी युनियन उभी राहिली, तीच पुढे न्यू साउथ वेल्सची युनियन झाली. क्वीन्सलँडची 1883 साली निघाली. 1882 साली या दोन वसाहतींचा पहिला सामना झाला. रेल्वे जिथं पोचली तिथं खेळ पोचला, आणि त्या काळी गावोगाव एकच रग्बी होती.

1907 साली ती फुटली. ॲलेक्स बर्डन नावाचा न्हावी खेळताना जखमी झाला, त्याची मजुरी बुडाली आणि युनियननं त्याला भरपाई दिली नाही. त्या रागातून सिडनीत व्यावसायिक रग्बी लीग जन्मली. पुढच्या काही वर्षांत पहिलं महायुद्ध आलं. युनियनवाल्यांनी मुलं रणांगणावर असताना आपण खेळणं बरं नाही म्हणून स्पर्धा बंद ठेवल्या. लीगनं चालू ठेवल्या. क्वीन्सलँडमध्ये युनियनचं दुकानच बंद झालं, ते 1920 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उघडलं. तोवर खाणीची, रेल्वेची, कत्तलखान्याची गावं लीगकडे गेली होती. युनियनचं बी उरलं ते शेतकी शाळांत, वसतिगृहांच्या शाळांत आणि पुढे आर्मिडेलच्या विद्यापीठात. शेतकऱ्यांची मुलं तिथून शिकून घरी परतली आणि त्यांनी आपापल्या गावी क्लब काढले. रमालीला त्याची शाळा मिळाली ती याच व्यवस्थेतून.

या मुलखानं किती दिलं ते नावांवरून कळतं. 1978 साली ऑकलंडच्या ईडन पार्कवर ऑल ब्लॅक्सविरुद्ध एकट्यानं चार ट्राय करणारा ग्रेग कॉर्नेलसन आर्मिडेलमध्ये शिकलेला. पन्नास कसोट्या खेळणारा पहिला ऑस्ट्रेलियन सायमन पॉइडेव्हिन गोलबर्नकडच्या शेतावरचा. टिम गॅव्हिन ऑरेंजजवळच्या कमनॉकचा. 1991 चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातली मधली जोडी, टिम होरन आणि जेसन लिटल, दोघंही टुवूम्बाच्या शाळांतून आलेले. लॉइड मॅकडरमट क्वीन्सलँडच्या आइड्सव्होल्डचा. 1963 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर ‘मानद गोरा’ म्हणून जायला त्यानं नकार दिला आणि पुढे तो मूळनिवासी समाजातला पहिला बॅरिस्टर झाला.

पण माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा सांधा एका माणसापाशी आहे, स्टीव्ह मेरिकपाशी. हंटर खोऱ्यातलं सिंगलटन हे कोळशाचं गाव. मेरिक तिथल्या खाणीत कामाला आणि तिथल्याच क्लबचा स्क्रम-हाफ. मोठ्या शहरात खेळल्याशिवाय देशाकडून खेळता येत नाही, असा अलिखित नियम असताना जुलै 1995 मध्ये त्याला थेट सिंगलटनमधून उचलून ऑल ब्लॅक्सविरुद्ध उतरवलं, तेही जॉर्ज ग्रेगनच्या जागी. ऑकलंडला एक आणि सिडनीला एक, अशा दोन कसोट्या तो खेळला. महिनाभरात, ऑगस्ट 1995 मध्ये, जागतिक मंडळानं रग्बी युनियन व्यावसायिक झाल्याचं जाहीर केलं. मेरिकपुढेही करार आला. त्यासाठी सिडनीला जाणं भाग होतं. तो गेला नाही. सिंगलटनला राहिला, खाणीत काम करत राहिला, गावच्या क्लबकडून खेळत राहिला. त्याच्यानंतर गावच्या क्लबातून सरळ देशाच्या संघात, ही वाट बुजली. आता गावाकडचा हुशार पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षीच शहरातल्या शाळेची शिष्यवृत्ती घेऊन निघतो आणि देशाकडून खेळतो तेव्हा यादीत त्याच्या नावापुढे शहरातला क्लब असतो.

गावचा क्लब म्हणजे काय, हे शनिवारी कळतं. आमचा झोन सेंट्रल नॉर्थ: नराब्राय, मोरी, गनेडा, क्विरिंडाय, टॅमवर्थ, स्कोन, वॉल्का, इन्व्हरेल. मोरी शंभर किलोमीटर, ते शेजारी समजायचं. वॉल्का अडीचशेच्या वर. सकाळी बस निघते तेव्हा वाफ येत असते तोंडातून. आधी लहान मुलं, मग बायकांचा संघ, मग सेकंड ग्रेड आणि शेवटी फर्स्ट ग्रेड, सगळे एकाच मैदानावर, एकापाठोपाठ. सेकंड ग्रेडमध्ये खेळून अंग मोडलेला माणूसच तासाभरानं फर्स्ट ग्रेडच्या राखीव बाकावर बसलेला असतो, कारण माणसं तेवढीच असतात. कॅन्टीनच्या तव्यावर कांदा आणि सॉसेज, गेटवर डबा घेऊन बसलेली कुणाची तरी आई. यजमान क्लबनं पाहुण्यांना जेवू घालायचं हा रिवाज आहे, आणि सामन्यात एकमेकांच्या छातीवर आदळलेली माणसं त्या जेवणाला एकाच टेबलावर बसतात.

माणसं कमी का, याचं उत्तर माझ्या धंद्यात आहे. 1960 साली कीपिट धरण झालं आणि दोनच वर्षांत कॅलिफोर्नियाहून आलेल्या दोघांनी वी वॉ इथं कापूस लावला. तिथून या खोऱ्याचं रूप पालटलं. वेचणी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे रग्बीच्या हंगामाच्या तोंडाशी. पूर्वी वेचणी यंत्राच्या मागे कापूस वाहणारी गाडी, तो दाबून गंजी करणारं यंत्र आणि ते चालवणारी तरण्या पोरांची टोळी असे. त्या टोळीतून सेकंड ग्रेड उभी राहायची. साधारण 2009 पासून गोल गठ्ठे बांधणारं यंत्र आलं, ते वेचतं आणि चालता चालता गुंडाळतंही. आता शेतात एक चालक दिसतो. यंत्र उत्तम आहे, मी स्वतः शेतकऱ्यांना त्याची शिफारस करते. पण गावचे रग्बी क्लब एकत्र का करावे लागतात, हे ज्यांना शहरात बसून समजून घ्यायचं आहे त्यांनी वेचणीचं शेत बघावं.

आता कारभार. आमचा क्लब झोनचा सभासद, झोन ग्रामीण युनियनचा, ग्रामीण युनियन राज्याच्या युनियनची आणि राज्य राष्ट्रीय संस्थेचं. ही राष्ट्रीय संस्थाच मुळी 1949 साली जन्मली. तोवर पन्नास वर्षं देशाचा संघ आणि त्याचे दौरे न्यू साउथ वेल्सची युनियनच चालवत होती. ती सवय सुटायला फार काळ लागला. 2012 सालापर्यंत सर्वसाधारण सभेत चौदा मतं होती: न्यू साउथ वेल्सची पाच, क्वीन्सलँडची तीन, बाकी सगळ्यांना एकेक. दोन मोठी राज्यं एक झाली की बाकीच्यांचं बोलणं ऐकायचं कारणच उरत नसे. त्या वर्षी मार्क आर्बिब या माजी मंत्र्यानं पाहणी करून बदल सुचवले. त्यानंतर राज्यांना एक मत, खेळाडूंची संख्या मोठी असलेल्यांना आणखी एक, सुपर रग्बी या व्यावसायिक स्पर्धेतल्या संघांना आणि खेळाडूंच्या संघटनेला मत, अशी रचना झाली. खेळाडूंना मत मिळालं ही मोठी गोष्ट. पण या मांडणीत ग्रामीण युनियनचं स्वतःचं मत कुठंच नाही. तिचं म्हणणं राज्याच्या तोंडून जातं, आणि राज्याच्या टेबलावर सिडनीचे क्लब आधी बसलेले असतात.

माझे वडील अकोला जिल्ह्यात सहकारी जिनिंग संस्थेचे सभासद होते. तिथं दोन एकरवाल्याला एक मत आणि पन्नास एकरवाल्यालाही एकच. त्या रचनेतही हजार कज्जे होते, पण अध्यक्षाला मतांसाठी दोन एकरवाल्याच्या ओसरीवर येऊन बसावं लागे. इथं तसं कुणी येत नाही, कारण येण्याची गरज पडत नाही.

याचे परिणाम कागदावर दिसतात. ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा दौरा बारा वर्षांनी येतो. 1989 मध्ये ते डबोला, केर्न्सला आणि न्यूकॅसलला खेळले. 2001 मध्ये टाउन्सव्हिलला आणि कॉफ्स हार्बरला. कॉफ्स हार्बरला समोर न्यू साउथ वेल्स कंट्रीचा संघ होता. 2013 मध्ये न्यूकॅसलला दोन्ही राज्यांच्या ग्रामीण खेळाडूंचा एकत्र संघ उतरला आणि 64-0 असा हरला. 2025 मध्ये पर्थ, ब्रिस्बेन, सिडनी, कॅनबेरा, ॲडलेड, मेलबर्न. राजधान्यांबाहेर एकही सामना नाही, ग्रामीण संघच नाही. 64-0 चा पराभव बोचरा होता, हे मान्य. पण त्या संघातल्या सुतारानं, शिक्षकानं, मेंढपाळानं लायन्सला खांदा दिला होता आणि त्यांच्या गावातली पोरं ते बघायला बस करून गेली होती.

2014 ते 2019 राष्ट्रीय रग्बी स्पर्धेत कंट्री ईगल्स आणि क्वीन्सलँड कंट्री असे दोन ग्रामीण संघ होते. 2017 ची स्पर्धा क्वीन्सलँड कंट्रीनं जिंकली. स्पर्धा खर्चाच्या कारणानं बंद पडली. त्याच 2017 साली पर्थच्या वेस्टर्न फोर्सला सुपर रग्बीतून काढलं, तेव्हा ओरड इतकी झाली की सिनेटनं चौकशी बसवली. पश्चिमेकडच्यांमागे खाणमालकाचा पैसा होता, म्हणून त्यांचा आवाज कॅनबेरापर्यंत गेला आणि पुढे त्यांचा संघही परत आला. ईगल्स बंद झाले तेव्हा आमच्या बारमध्ये लोक हळहळले, तिथंच थांबलं.

एक उदाहरण मात्र मला आशा देतं. राजधानी कॅनबेराची युनियन चिमुकली, मतानं एकटी. 1996 साली तिला सुपर रग्बीत जागा मिळाली तेव्हा सिडनी-ब्रिस्बेननं न घेतलेले खेळाडू गोळा करून ब्रम्बीज उभे राहिले आणि 2001 व 2004 साली स्पर्धा जिंकले. शिवाय या युनियननं राज्याची सीमा न बघता न्यू साउथ वेल्सच्या दक्षिणेकडचे वॉगा, ग्रिफिथसारख्या गावांचे क्लब आपल्यात घेतले. तिकडच्या क्लबांना जवळचं कार्यालय मिळालं. खेळाचा नकाशा माणसांच्या येण्याजाण्यावरून आखला की तो टिकतो.

2027 साली पुरुषांचा विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे. सामने सात शहरांत. त्यांत राजधानी नसलेली दोनच, न्यूकॅसल आणि टाउन्सव्हिल. विश्वचषकाचा पैसा येईल तेव्हा तो वाटण्याचे ठराव होतील, आणि ठराव मतांवर होतात. माझी मागणी साधी आहे. राष्ट्रीय सभेत न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडला संख्येच्या जोरावर जे दुसरं मत मिळतं, ते त्या त्या राज्याच्या ग्रामीण युनियननं स्वतः टाकावं. त्या संख्येत आमचीही पोरं मोजलेली असतात. त्यांची नोंदणी मीच दर फेब्रुवारीत भरते, एकेक नाव, जन्मतारीख आणि विम्याचा हप्ता तपासून.