परक्याचे दान, आपले ऋण

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना ओरत्तनाडु हे गाव लागते. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपली प्रिय सखी मुक्तांबाळ हिच्या नावे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे छत्र उभारले आणि गावासही मुक्तांबाळपुरम् हे नाव दिले. रामेश्वराच्या यात्रेकरूंना येथे अन्न व आसरा मिळे. मुलांच्या शिक्षणाचीही सोय होती. 1855 मध्ये राज्य खालसा झाले, तरी छत्राचे नाव उरले. नोकरीनिमित्त दक्षिणेत आलेल्या आम्हां मराठी माणसांना त्याचा अभिमान वाटतो, आणि तमिळ बांधवांनी ही वास्तू आपली म्हणून जपावी, अशी अपेक्षाही आम्ही सहज करतो. मग महाराष्ट्रात येऊन दान करून गेलेल्या परक्यांचे स्मरण आम्ही कितपत ठेवले, हेही पाहावयास हवे.

डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 साली बगदादच्या एका प्रतिष्ठित यहुदी घराण्यात झाला. तेथील दाऊद पाशाच्या जुलमामुळे त्यांना देशत्याग करावा लागला, आणि बुशहरमार्गे 1832 च्या सुमारास ते मुंबईस आले. अरबी, हिब्रू व हिंदुस्थानी या भाषा त्यांना अवगत होत्या, इंग्रजी नव्हती. 1853 मध्ये ब्रिटिश प्रजाजन होताना त्यांनी सही केली तीही हिब्रूत. मुंबईतील ग्रंथालयाच्या इमारतीस त्यांनी साठ हजार रुपये दिले. मालाडच्या दगडाची ती इमारत 1870 मध्ये पुरी झाली. भायखळ्याचे मागेन डेव्हिड हे प्रार्थनामंदिर त्यांचेच. पुण्यात 1864 मध्ये त्यांचे देहावसान झाले, आणि ज्याला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात त्या ओहेल डेव्हिड मंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्यांच्या देणगीतून निघालेले रुग्णालय 1867 मध्ये सुरू झाले. महात्माजींवर 1924 च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली ती याच रुग्णालयात.

आज ‘ससून’ हा शब्द पुण्यात घरोघरी आहे, परंतु तो माणसाचे नाव होता याची जाणीव थोड्यांनाच आहे. दान टिकले, दाता पुसट झाला. मात्र स्मरण करावयाचे तर ते संपूर्ण करावे. या संपत्तीत कापसाबरोबर चीनला जाणाऱ्या अफूचाही वाटा मोठा होता. तो लपविल्याने दात्याचा गौरव होत नाही, आणि तो सांगितल्याने रुग्णालयातील एकाही खाटेचे मोल कमी होत नाही. इतिहासाने दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्यात.

ओरत्तनाडूत मराठे परके होते. पुण्यात ससून परके होते. यात्रेकरूने वा रुग्णाने मात्र दात्याचे कूळ विचारले नाही. आम्हां सरकारी नोकरांचा संबंध दप्तरांशी, इमारतींशी, दुरुस्तीच्या मंजुरीशी येतो. एखादी कोनशिला चुन्याखाली जाऊ न देणे, जुने दानपत्र रद्दीत न टाकणे, नाव बदलण्याच्या प्रस्तावावर दोन ओळी इतिहासाच्या लिहिणे, एवढे तर आपल्या हाती खासच आहे. ज्या न्यायाने आम्ही मुक्तांबाळच्या छत्राचे जतन मागतो, त्याच न्यायाने ससूनांचे ऋण फेडणे आम्हांस प्राप्त आहे.