बी आले, कृती मागे राहिली

मेक्सिकोत मक्याच्या पातळ भाकरीवर भाजलेला मासा ठेवतात, त्यावर फळांची आंबट-तिखट कोशिंबीर घालतात आणि भाकरी दुमडून हातात धरून खातात. भाकरीला तिथे ‘तोर्तिया’, कोशिंबिरीला ‘साल्सा’ आणि दुमडून तयार झालेल्या पदार्थाला ‘ताको’ म्हणतात. परभणी तालुक्यातील झरीला घरी हा बेत करायचे आम्ही ठरवले, तेव्हा सामानाची अडचण आली नाही. रोहूच्या तुकड्यांना तिखट, मीठ, लिंबू आणि तेल चोळून ते निखाऱ्यावर जाळीत भाजले. अननस, कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर बारीक चिरली. फसली ती भाकरी. मक्याचे पीठ गरम पाण्यात मळून थापली. तव्यावर चांगली भाजली गेली, पण मासा घालून दुमडताच मधोमध मोडली.

सामान सहज मिळाले, यामागे मोठा इतिहास आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मासे कसे पकडावे इथपासून ते कसे रांधावे इथपर्यंतचा तपशील त्यात आहे. चिंच आहे, मिरे आहेत. मिरची मात्र नाही. असणार तरी कशी? ती तेव्हा अमेरिकेबाहेर कुणी पाहिलीच नव्हती. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतल्यानंतर ती या किनाऱ्यावर उतरली. मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत. मराठीने तिचे नाव मिऱ्यावरून बेतले, आणि ते शास्त्रदृष्ट्याही चपखल निघाले. मिरचीतील कॅप्सेसिन आणि मिऱ्यातील पायपरिन ही दोन्ही द्रव्ये जिभेवरच्या चेतातंतूंतील एकाच ग्राहीला चेतवतात. हा ग्राही मुळात उष्णता ओळखणारा, म्हणूनच तिखटाने तोंड ‘भाजते’. डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटाने तो १९९७मध्ये शोधला. २०२१च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

अननसही अमेरिकेचाच. उलट कांदा, कोथिंबीर आणि लिंबू तिकडे गेले ते जुन्या जगातून. आंबाही गेला. मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबते १५६५ ते १८१५ या काळात पॅसिफिक ओलांडत होती; मेक्सिकोतील आंब्याची एक जात आजही ‘मनिला’ याच नावाने ओळखली जाते.

आता मोडलेल्या भाकरीकडे वळू. मका मेक्सिकोत सुमारे ९,००० वर्षांपूर्वी रानगवतापासून माणसाळवला गेला. तिथले लोक तो कोरडा दळत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलेच वाटतात. ही रीत किमान ३,००० वर्षे जुनी आहे. अल्कधर्मी पाण्यात दाण्याची साल सुटते, पेशीभित्तिकांतील चिकट द्रव्ये मोकळी होतात आणि पीठ एकजीव होते. शिवाय मक्यात बंदिस्त असलेले नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते.

कोलंबसानंतर मक्याचे बी युरोपात आले. चुन्याची कृती मागे राहिली. त्याची किंमत गरिबांनी मोजली. १७३५मध्ये स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी मक्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांत एक रोग पाहिला: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब, पुढे बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. इटलीत त्याला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने सुमारे एक लाख बळी घेतले. अनेकांना तो संसर्गजन्य वाटे. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो निकृष्ट आहारातून येतो हे दाखवले आणि १९३७मध्ये नायासिन हा त्यावरचा इलाज ठरला.

ही गोष्ट परक्या मुलखाची म्हणून सोडून देता येत नाही. दख्खनच्या पठारावर मक्याऐवजी ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळत असे. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. हा तर्क पुढे वादग्रस्त ठरला. आमच्या मते ज्वारीला दोष देण्यात अर्थ नाही. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायासिन स्वतः बनवू शकते, आणि ते डाळीत, दुधात, माशात असते. दुखणे होते ते भाकरीसोबत यांपैकी काहीच नसण्याचे.

दुसऱ्या खेपेला आम्ही एक किलो मक्याला १० ग्रॅम खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी घेतले. (वर्गात करणार असाल तर चुना शिक्षकांनीच हाताळावा, डोळ्यांत उडता कामा नये. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, ते चुन्याने खराब होते.) अर्धा तास उकळल्यावर दाणे पिवळेधमक झाले आणि घरभर ओल्या मातीसारखा वास सुटला. सकाळी चोळताच साली हातात आल्या. दाणे स्वच्छ धुऊन पाट्यावर वाटले; हाताला थोडी रग लागली. दोन प्लॅस्टिकच्या कागदांत गोळा दाबून पातळ भाकरी केली आणि तव्यावर टाकली. रोहू आणि अननसाची कोशिंबीर घालून ती दुमडली. कडेला एक बारीक चीर पडली, पण मासा आतच राहिला.