काजू, बिब्बा आणि ॲड्रेनलिन

गोव्याच्या इतिहासावर लेखणी उचलली की तह, लढाया, किल्ले आणि देवतांची स्थलांतरे यांकडेच लक्ष वळते. नव्या काबिजादीतील आपल्या घराण्यांच्या सनदा, इनामे आणि देवस्थानांतील मानपान हेही आपल्या आवडीचे विषय आहेत. परंतु स्वयंपाकघरातल्या डब्याला आणि आरोग्य केंद्रातल्या औषधांच्या कपाटालाही इतिहास असतो, आणि कधीकधी तो अधिक निकडीचा ठरतो. पेडणे-डिचोलीच्या एखाद्या मुलाचा काजू खाऊन श्वास कोंडला तर त्याला कोणते औषध द्यावयाचे, ते औषध जगात कसे आले आणि आज आपल्या हाती ते कसे येऊ शकते, याची हकिगत येथे सांगावयाची आहे.

काजू आपल्याकडचा नव्हे, ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आणला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने भारतातील औषधींवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. त्यात काजूचा उल्लेख नाही, मात्र बिब्ब्यावर एक स्वतंत्र संवाद आहे. पुढे पंधराच वर्षांनी, १५७८ साली, क्रिस्तोव्हाँ द कोश्ताने कोचीनच्या बागांतील काजूचे वर्णन केले. म्हणजे ओर्ता लिहीत असताना हे झाड येथे रुजत तरी असावे किंवा नुकतेच येऊन पोहोचत असावे. युरोपीय वैद्यकात बिब्ब्याला ‘अनाकार्डियम’ म्हणत, म्हणजे हृदयासारखा. अठराव्या शतकात लिनियसने हेच नाव काजूच्या प्रजातीला दिले, आणि बिब्बा आपल्याच नावाला काहीसा पारखा झाला. दोघे आहेत मात्र एकाच कुळातले; आंबा आणि पिस्ताही त्याच कुळातले.

हे नाते सांगण्याचे कारण असे की, आपल्या घरांतून दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. बिब्बा उततो हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. काजूच्या बियांचा चीक लागून हाताची सालडी निघतात, हेही काजूच्या हंगामात बागेत राबलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. हा त्रास कवचातील तेलाचा, कातडीवरचा. दाहक असला तरी तो सहसा जिवावर बेतत नाही. काजूच्या गराची ॲलर्जी ही निराळी बाब आहे. तेथे शरीराची संरक्षणव्यवस्थाच गरातील प्रथिनाला शत्रू समजते, आणि भाजलेला, सोललेला, स्वच्छ असा एखादाच गर पोटात गेला तरी काही मिनिटांत सगळे शरीर पेटून उठते. अंगावर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजते, आवाज बसतो, श्वासाला घरघर लागते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आपल्याकडे गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणतात आणि सोलांचे आगळ चोळतात. नुसत्या कातडीवरच्या पित्ताला त्या उपायाने थंडावा मिळत असेल, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु गांधींबरोबर आवाज बदलला, श्वास अडला किंवा माणूस भोवळून खाली बसला, तर मग आगळाची बाटली शोधण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

काजूप्रमाणेच शेंगदाणा, दूध, अंडे, मासळी आणि विशेषतः कोळंबी, खेकडे यांनीही काहींना असे होते. हा विकार सर्रास आढळणारा नाही. कर्नाटकातील प्रौढांच्या एका पाहणीत, जी २०१६ साली प्रसिद्ध झाली, सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. प्रत्यक्ष त्रास होणारे मात्र १ टक्क्याच्या किंचित वर निघाले. तेव्हा रक्ततपासणीचा कागद पाहून घरातले निम्मे जिन्नस वर्ज्य करण्यात शहाणपण नाही. ज्याला खरोखरच एकदा झटका येऊन गेला आहे, त्याच्या घरी मात्र गाफील राहता येत नाही.

या झटक्याला नाव मिळाले त्याची कथा समुद्रावरची आहे, आणि तिच्यात पोर्तुगिजांचे नाव योगायोगाने येऊन गेले आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यासारखा एक विषारी जलचर लाटांबरोबर येऊन पडतो. इंग्रज खलाशांनी त्याला ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’, म्हणजे पोर्तुगीज लढाऊ जहाज, असे नाव दिले. मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट याने १९०१ साली आपल्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांना याच जलचराच्या विषाचा अभ्यास करावयास लावले. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाचे विष घेऊन काम पुढे चालविले. थोडेथोडे विष दिल्याने कुत्र्यांना त्याविरुद्ध संरक्षण मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. नेप्च्यून नावाच्या एका कुत्र्याला पहिली मात्रा सहज पचली. काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या मात्रेने तो २५ मिनिटांत मेला. संरक्षणाच्या नेमके उलटे घडले, म्हणून १९०२ साली त्यांनी या प्रकारास ‘ॲनाफिलॅक्सिस’ असे नाव दिले. रिशेला १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्यानंतरचा. तो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ साली घडविला.

रोगाला नाव मिळण्याच्या आधीच त्याचे औषध बाटलीत उतरले होते, हा इतिहासातला एक चमत्कारिक क्रम आहे. मूत्रपिंडांवरील ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने वाढतो, हे इंग्लंडमध्ये जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर यांनी १८९४-९५ च्या सुमारास दाखविले. अमेरिकेत जॉन एबल याने त्यातील द्रव्य वेगळे काढण्याचा प्रयत्न करून त्याला ‘एपिनेफ्रिन’ म्हटले. परंतु शुद्ध स्फटिक हाती आले ते अमेरिकेत स्थायिक झालेले जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने आणि त्यांचे सहायक केइझो उएनाका यांच्या. पार्क-डेव्हिस कंपनीने १९०१ च्या सुमारास ते ‘ॲड्रेनलिन’ या व्यापारी नावाने बाजारात आणले. पणजीच्या वैद्यकीय शाळेला त्या वेळी साठ वर्षे होत आली होती. १९०४ साली ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीनेही तयार झाले, आणि कत्तलखान्यातील ग्रंथींवरचे अवलंबन संपण्याचा मार्ग खुला झाला.

ॲड्रेनलिन हे नाव कंपनीच्या मालकीचे झाल्यामुळे अमेरिकेत औषधाचे अधिकृत नाव ‘एपिनेफ्रिन’ राहिले. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ‘ॲड्रेनलिन’ रूढ झाले. अमेरिकेतून आलेल्या पेनवर ‘एपिनेफ्रिन’ आणि आरोग्य केंद्रातल्या कुपीवर ‘ॲड्रेनलिन’ असे वाचून दोन भिन्न औषधे आहेत असा समज होऊ शकतो. औषध एकच आहे. सुजलेल्या रक्तवाहिन्या ते आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि हृदयाला जोर देते. हे तिन्ही एकदम करणारे दुसरे औषध आजही नाही.

आता त्या पेनविषयी. शीतयुद्धाच्या काळात विषारी वायूच्या हल्ल्यात सैनिकाला स्वतःच्या मांडीत प्रतिविष टोचून घेता यावे, यासाठी अमेरिकेत स्प्रिंगची सुई तयार झाली. शेल्डन कॅपलन या अभियंत्याचे तीत मोठे श्रेय आहे. तिचेच रूप बदलून ‘एपिपेन’ झाला आणि १९८७ साली त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. टोपी काढावी, मांडीच्या बाहेरच्या बाजूस, कपड्यांवरूनसुद्धा, दाबावा. ठरलेली मात्रा आपोआप आत जाते. मोठ्यांसाठी ०.३ मिलिग्रॅम आणि लहान मुलांसाठी ०.१५ मिलिग्रॅम, अशा दोन मात्रांत तो मिळतो. शतकभर जुने, पैशाला पासरी असे हे औषध. परंतु स्प्रिंगच्या नळीत बसल्यावर त्याची किंमत कशी चढली, हा व्यापाराच्या इतिहासातला एक लाजिरवाणा अध्याय आहे. मायलन कंपनीने २००७ साली हक्क घेतले तेव्हा दोन पेनांची जोडी १०० डॉलरांच्या आसपास होती. २०१६ पर्यंत ती ६०० डॉलरांवर गेली आणि अमेरिकन काँग्रेसने कंपनीच्या प्रमुखांना जाब विचारला. २०१८ साली दुसऱ्या कंपनीच्या पर्यायी पेनाला मंजुरी मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नाकात फवारण्याच्या रूपालाही.

आपल्या औषधांच्या दुकानांत हा पेन सर्वसाधारणपणे मिळत नाही. तो मिळवावयाचा तर कायद्यातून वाट काढावी लागते, आणि ती वाट आहे. औषध नियम, १९४५ मधील नियम ३६ प्रमाणे परदेशातून येणारा प्रवासी स्वतःच्या वापरापुरते औषध सामानातून आणू शकतो. कस्टमने विचारल्यास ते जाहीर करावे लागते आणि कोणत्याही एका औषधाच्या १०० सरासरी मात्रांपेक्षा अधिक आणता येत नाहीत. टपालाने किंवा कुरिअरने मागवावयाचे असल्यास नमुना १२-अ मध्ये अर्ज करावा लागतो, त्यासोबत नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते, आणि मग नमुना १२-ब मध्ये परवाना मिळतो. आमची हयात फायलींत गेली असल्याने सांगतो, हा अर्ज कठीण नाही. रुग्णाचे नाव, औषधाचे नाव, मात्रा आणि नगांची संख्या चिठ्ठीत व अर्जात अक्षरशः एक असली म्हणजे झाले. चिठ्ठीवर ‘ॲड्रेनलिन’ आणि अर्जात ‘एपिनेफ्रिन’ असे झाले, तर टेबलावरचा कारकून शंका काढणारच. तेथे दोन्ही नावे लिहावीत.

लंडनला किंवा आखातात असलेल्या आप्ताला ‘येताना दोन पेन घेऊन ये’ असे सांगितले की काम झाले, अशी समजूत असते. ब्रिटनमध्ये हा पेन चिठ्ठीशिवाय विकत मिळत नाही, आणि ती चिठ्ठी तेथल्या डॉक्टरने तपासून द्यावी लागते. शिवाय पेनाचे आयुष्य वर्ष-दीड वर्षाचे. चतुर्थीला आणलेला पेन कारखान्यातून निघून किती महिने झाले आहेत, हे खोक्यावर पाहिल्याशिवाय घेऊ नये. तो २५ अंशांच्या आतबाहेर ठेवावयाचा असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत तो ठेवणे म्हणजे पैसे आणि भरवसा दोन्ही वाया घालविणे. फ्रीजमध्येही ठेवू नये.

दुसरा मार्ग साध्या कुपीचा. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेली ॲड्रेनलिनची कुपी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या सूचीत आहे आणि काही रुपयांत मिळते. मात्रा वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलास ०.१५ मिलिलिटर, मोठ्यास अधिकात अधिक ०.५. कुपीत औषध भरपूर असते आणि घाबरलेला हात ती सगळीच्या सगळी ओढून घेऊ शकतो, हा या मार्गातला धोका आहे. म्हणून डॉक्टरांनी मात्रेची खूण करून दिलेली लहान सिरिंज, कुपी आणि लेखी सूचना एका डब्यात ठेवून, घरातील दोघांना तरी पाण्याने सराव करवून घेतला पाहिजे. औषध उजेडाने बिघडते. पिवळट वा तपकिरी झाले तर टाकून द्यावे. आमच्या मते, ज्या घरी पैशाची आणि परदेशच्या नात्यांची सोय आहे त्यांनी पेन जरूर मिळवावा. परंतु त्याची वाट पाहत कुपीचा डबा तयार ठेवण्याचे टाळू नये. पेन येईपर्यंतचे महिने कोरडे जाता कामा नयेत.

महिन्यांचे सोडा, मिनिटांचाच हिशेब येथे महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधील रिचर्ड पम्फ्री यांनी अशा मृत्यूंचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अन्नामुळे झालेल्या झटक्यांत श्वास वा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ ३० मिनिटे निघाला. पेडणे शहरापासून बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय ३० किलोमीटरांहून दूर आहे; केरी-पालयेहून आणखी दूर. डिचोलीहूनही अर्ध्या तासात तेथे पोहोचणे कठीणच. शिवोली-चोपड्याचा पूल नव्हता तेव्हा फेरीबोटीची वाट पाहण्यातच तेवढा वेळ जाई. २००८ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, ही मोठी सोय झाली. तरीही पहिली मात्रा घरी दिली जावी आणि गाडी नंतर निघावी, हाच क्रम योग्य. तोपर्यंत रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, श्वास फारच लागत असेल तर टेकून बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये. पाच ते पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास दुसरी मात्रा लागते, म्हणूनच पेन जोडीने घ्यावयाचे.

एक गोष्ट थोडी कठोरपणे लिहावी लागते. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत अशा रुग्णाला आधी खाज थांबविणारे आणि सूज उतरविणारे इंजेक्शन देण्याची सवय आहे. ती औषधे पूरक आहेत, परंतु कोसळणारा रक्तदाब ती सावरीत नाहीत. ‘ॲड्रेनलिन दिले का?’ असे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. आपल्या जुन्या घरांतील भिडस्तपणा येथे बाजूला ठेवावा.

खाण्याच्या बाबतीत पाकिटबंद मालाचे थोडे सोपे झाले आहे; २०२० च्या नियमांनुसार काजू-बदाम, शेंगदाणे, दूध, अंडी, मासळी यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. चवथीच्या नेवऱ्या, लग्नातल्या रश्शात वाटून घातलेला काजू, देवळातला पंचखाद्याचा प्रसाद यांना वेष्टन नसते. ओल्या काजूची उसळ दिसते तरी. वाटणातला काजू दिसत नाही. ज्या घरी असे मूल आहे त्या घरच्या बाईने यजमानीणबाईंना आधीच विचारलेले बरे, आणि यजमानीणबाईंनीही ‘थोडेसे खाल्ले तर काय होते’ असा आग्रह करू नये.

मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पेडण्याचा संबंध जगाशी थेट जुळला. यंदाच्या चवथीला परदेशाहून कोणी तेथे उतरणार असेल, तर त्याला आजच कळवावे: पेन हातातल्या पिशवीत ठेव, चिठ्ठीची प्रत सोबत आण, कस्टमने विचारले तर सरळ सांग, आणि खोक्यावरची तारीख पाहून घे.