थेस्सालोनिकी : गिलाव्याखालचे शहर

थेस्सालोनिकी हे ग्रीसमधील दुसऱ्या क्रमांकाचे शहर उत्तरेकडील मॅसिडोनिया प्रदेशात, थर्माइक आखाताच्या काठावर वसले आहे. इ.स.पू. ३१५ च्या सुमारास राजा कसांडरने ते वसवले आणि त्याला आपल्या राणीचे नाव दिले. ही राणी थेस्सालोनिके म्हणजे सिकंदराची सावत्र बहीण. इ.स. ५० च्या सुमारास प्रेषित पौल येथे आला होता. त्याने येथील मंडळीला लिहिलेली दोन पत्रे मराठी बायबलमध्ये ‘थेस्सलनीकाकरांस’ या नावाने आहेत, त्यामुळे शहराचे नाव मराठी ख्रिस्ती घरांना परके नाही.

अथेन्सला जाणारा प्रवासी पडकी मंदिरे पाहतो. येथे मात्र दीड हजार वर्षांच्या वास्तू अजून वापरात आहेत. धनी बदलले, धर्म बदलले, भिंती त्याच राहिल्या. येथील पंधरा प्राचीन ख्रिस्ती व बायझंटाइन वास्तूंना १९८८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

पाहायला सुरुवात करावी ती गॅलेरियसच्या कमानीपासून. या रोमन सम्राटाने इराणच्या ससानी राजावर मिळवलेल्या विजयाची ती स्मृती. आठ खांबांपैकी आज तीनच उभे आहेत, पण त्यांवरचे लढाईचे कोरीव पट निरखताना वेळ कसा जातो ते कळत नाही. गावकरी तिला नुसते ‘कमारा’ म्हणतात, आणि मित्रमंडळींच्या भेटीची ठरलेली जागा हीच.

कमानीपासून हाकेच्या अंतरावर रोटुंडा आहे. इ.स. ३०० नंतर लगेचच उभारलेल्या या गोल वास्तूचा आतला व्यास सुमारे साडेचोवीस मीटर, भिंतींची जाडी सहा मीटरांहून अधिक. सम्राटाची समाधी म्हणून ती बांधली की देवालय म्हणून, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पुढे तिचे चर्च झाले आणि घुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर हात उंचावून प्रार्थना करणारे संत रंगीत खड्यांनी साकारले गेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, उस्मानी तुर्कांच्या अमदानीत, तिची मशीद झाली. अंगणातला मिनार त्या काळाची साक्ष देत आजही उभा आहे. एका अंगणात तीन युगे अशी शेजारी नांदताना क्वचितच दिसतात.

शहराचा रक्षक संत दिमित्रिओस. चौथ्या शतकाच्या आरंभी, ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात, रोमन स्नानगृहात त्याला भाल्यांनी भोसकून मारले अशी श्रद्धा आहे. त्या स्नानगृहावरच त्याचे पाच दालनांचे भव्य चर्च उभे राहिले, आणि जुने अवशेष आजही तळघरात उतरून पाहता येतात. १४९३ मध्ये त्याची मशीद झाली, १९१२ मध्ये ते पुन्हा ख्रिस्ती लोकांकडे आले. ग्रीक सैन्य शहरात शिरले तो दिवस जुन्या पंचांगाप्रमाणे २६ ऑक्टोबर, म्हणजे नेमका संताचाच उत्सवदिन. गावाने त्यात संताचा हात पाहिला, यात नवल नाही.

पाचच वर्षांनी घात झाला. ऑगस्ट १९१७ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला आणि सुमारे सत्तर हजार माणसे बेघर झाली. त्यांत स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलल्यावर येथे आसरा घेतलेल्या ज्यूंचे वंशज मोठ्या संख्येने होते. दिमित्रिओसचे चर्चही होरपळले. ते नव्याने बांधून १९४९ मध्ये भाविकांसाठी उघडले. मूळच्या खडेचित्रांपैकी मोजकीच वाचली. त्यांतल्या एकात संत दोन मुलांच्या मध्ये उभा आहे. त्याचे मोठे, शांत डोळे पाहिल्यावर जे जळून गेले त्याची हळहळ अधिकच वाटते.

आयिया सोफिया हे आठव्या शतकातले चर्च. त्याच्या अर्धवर्तुळाकार गाभाऱ्यात मरियेचे चित्र आहे, पण टक लावून पाहिले की तिच्या मागे मोठ्या क्रुसाच्या खुणा दिसतात. मूर्ती-चित्रांवर बंदी होती तेव्हा तेथे फक्त क्रूस होता. बंदी उठल्यावर त्या जागी मरिया आली.

जवळच्या आखिरोपिइतोस या पाचव्या शतकातल्या चर्चच्या नावाचा अर्थ ‘हातांनी न घडवलेली’. आपण मूर्तीला स्वयंभू म्हणतो, तसाच हा भाव. उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादने १४३० मध्ये शहर जिंकल्यावर येथेच मशीद केली आणि विजयाची नोंद एका खांबावर कोरली. ती अजून वाचता येते. विटांनी बांधलेले ‘पनागिया हाल्केओन’, म्हणजे तांबटांची मरिया, हे १०२८ मधले छोटे चर्चही पाहावे. भोवती तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची आळी होती म्हणून हे नाव.

किनाऱ्यावरचा चौतीस मीटर उंच पांढरा बुरूज उस्मानी काळातला. तो एके काळी तुरुंग होता. पर्यटकांची गर्दी तेथेच अधिक, पण खरे धन वर डोंगराकडच्या जुन्या वस्तीत आहे.

तेथल्या अरुंद, चढाच्या गल्ल्यांत होसिओस दाविद नावाचे चिमुकले चर्च लपले आहे. गाभाऱ्यातल्या चित्रात दाढी नसलेला तरुण ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसला आहे, पायाशी नदी आणि तिच्यात मासे. दंतकथा सांगते की गॅलेरियसच्या मुलीने बापाच्या भीतीने हे चित्र बैलाच्या कातड्याने आणि चुन्याने झाकले, आणि कित्येक पिढ्यांनी भूकंपात गिलावा गळून ते प्रकट झाले. अभ्यासक ते पाचव्या शतकाच्या सुमाराचे मानतात, त्यामुळे कथा काळाशी जुळत नाही. तरी उस्मानी अमदानीत चर्चची मशीद झाल्यावर चित्र खरोखरच गिलाव्याखाली गेले. १९२१ मध्ये तो काढला तेव्हा आतले रंग ताजे होते.