खुर्च्यांच्या गावातली धूळ

लंडनच्या वायव्येला, बकिंगहॅमशरमध्ये हाय विकम हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला खुर्च्या पुरवल्या त्या याच गावाने. 1875 च्या सुमारास इथे दिवसाला सुमारे 4,700 खुर्च्या तयार होत. 1877 मध्ये राणी व्हिक्टोरिया येणार म्हटल्यावर गावकऱ्यांनी भर रस्त्यात खुर्च्यांचीच कमान उभारली. सुतारकामाच्या कारखान्यातली धूळ का पकडायची, हे जगाला शिकवलं तेही याच गावाने. पण त्याची किंमत तिथल्या कामगारांनी मोजली.

सुरुवातीला खुर्च्यांचे पाय गावाबाहेरच्या बीच झाडांच्या रानातच तयार होत. तिथले कातारी झाड पाडून ओलं लाकूड लगेच कातायला घेत. लवचीक काठी, दोरी आणि पायाखालची फळी यांवर त्यांचा लेथ चाले. ओल्या लाकडाची लांबलचक सालपटं निघत, ती रानातच पडत. कारखान्यात मात्र लाकूड वाळवलेलं असे. तिथे यंत्रावरची करवत, फिरते रंधे आणि पुढे घासकामाची यंत्रं आली. सुकं बीच किंवा ओक यंत्रावर घासलं की पिठासारखी बारीक धूळ उडते, आणि तीही बंद खोलीत.

धूळ ओढून घ्यायची साधनं तोवर निघाली होती. अमेरिकेत बेंजामिन स्टर्टेव्हंट या मूळच्या चांभाराने 1860 च्या दशकात यंत्राजवळची धूळ खेचणारे पंखे बनवायला घेतले. 1885 मध्ये जॉन फिंच यांना सायक्लोनचं पेटंट मिळालं. सायक्लोनमध्ये धुळीची हवा कडेने शिरते आणि गरगर फिरते. जड कण भिंतीला घासत निमुळत्या बुडातून खाली पडतात, हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. सुतारकामाच्या कारखान्यांना हे फार सोयीचं होतं. भुशाचे ढीग हटले, आगीची धास्ती कमी झाली.

पण ही सगळी आखणी डोळ्यांना दिसणाऱ्या भुशासाठी होती. ढलप्या आणि जाड भुसा सायक्लोनमध्ये पडे; सर्वात बारीक कण मात्र हवेबरोबर निसटत, किंवा कापडी पिशवीतून गाळून पुन्हा खोलीतच येत. जमीन स्वच्छ दिसे आणि मालकाला वाटे, काम झालं.

1960 च्या दशकात हाय विकममधल्या कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस्मे हॅडफिल्ड यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा एरवी क्वचितच दिसणारा एक कर्करोग त्यांच्या रुग्णांमध्ये वरचेवर आढळत होता, आणि हे रुग्ण बहुतेक फर्निचर कामगार होते. ऑक्सफर्डचे रोनाल्ड मॅकबेथ आणि साथरोगतज्ज्ञ डोनाल्ड अ‍ॅचिसन यांच्याबरोबर त्यांनी पाठपुरावा केला. 1968 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनने या आजाराची व्यवसायजन्य रोगांत नोंद केली. रुग्ण समोर आला की त्याचा धंदा विचारायचा, एवढ्या साध्या सवयीतून हे घडलं. या डॉक्टरबाईंचं नाव सुतारकाम शिकवणाऱ्या प्रत्येक शाळेत ठाऊक असायला हवं.

शोध तिथे थांबला नाही. नाकातल्या सूक्ष्म केसांची हालचाल आत आलेली धूळ घशाकडे ढकलून देते. फर्निचर कामगारांच्या नाकात ही सफाई मंदावलेली असते, असं 1974 च्या एका अभ्यासात दिसलं. हॅडफिल्ड आणि मॅकबेथ त्यातही होते. म्हणजे धूळ नाकात जास्त वेळ ठाण मांडून बसते. रोग उमटायला अनेकदा चार-चार दशकं जातात. तरुणपणी घासकाम केलेला माणूस निवृत्तीच्या सुमारास डॉक्टरकडे यायचा. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातली. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला 5 मिलिग्रॅम होती, ती 2020 मध्ये 3 वर आली.

या सगळ्यामुळे कारखान्याची आखणी बदलली. आधी पंखा किती मोठा, हे ठरे. आता प्रश्न असतो धूळ नेमकी कुठे सुटते. करवतीच्या पात्याखाली आणि वरही झाकण हवं, घासकामाच्या टेबलातूनच हवा खाली ओढायला हवी. नळीतला वेग सेकंदाला साधारण 20 मीटर राखावा लागतो, नाहीतर भुसा वाटेत साचतो. वळणं जितकी कमी तितकं बरं. झालेलं काम तपासायची ब्रिटिश निरीक्षकांची रीतही पाहण्याजोगी आहे: खोलीत अंधार करायचा, धुळीच्या पलीकडून झगझगीत दिव्याचा झोत सोडायचा आणि समोरून पाहायचं. एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत कामगाराच्या तोंडाभोवतीचा ढग लख्ख दिसतो.

धूळ सुटते तिथेच, शक्य तितक्या जवळून ती खेचावी, हे भारताच्या 1948 च्या कारखाना कायद्यातही, कलम 14 मध्ये लिहिलेलं होतं. पण वीज वापरणाऱ्या जागी किमान 10 कामगार असले तरच तो कायदा लागू होई. महाराष्ट्रातलं बरंचसं फर्निचर मात्र दोन-चार कारागिरांच्या गाळ्यांत किंवा थेट ग्राहकाच्या घरातच घडतं. तिथे एमडीएफच्या फळ्या कापणाऱ्या पोराच्या तोंडावर फार तर एक रुमाल असतो, आणि तो रुमाल बारीक धूळ अडवत नाही.