हुलिया ते दंडघेर
बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर ज्या मुलखात वसले आहे त्यावर दिल्लीचे सुलतान, बहामनी, मोगल आणि अखेरीस 1948 पर्यंत निजाम यांनी अंमल केला. आणि या दीर्घ फारसी कारभारात रयतेच्या देहाची दप्तरी नोंद झाली ती मुख्यतः फौजेच्या निमित्ताने. अल्लाउद्दीन खिलजीने घोड्याला डाग द्यावा व शिपायाचा हुलिया लिहून घ्यावा अशी शिस्त घातली, तीच पुढे अकबराने ‘चेहरा’ या नावाने पुन्हा चालू केली. बापाचे नाव, वर्ण, बांधा, मुखावरील व्रण एवढे टिपले की हजिरीच्या दिवशी भाडोत्री इसम उभा करून तनखा उपटण्याची सोय उरत नसे.

इंग्रजी अमदानीत देहाच्या या नोंदीला शास्त्राचा पोशाख चढला. 1901 च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे लांबीशी प्रमाण काढून त्यावरून जातींची उतरंड लावली, आणि माणसाची योग्यता नासिकेच्या मापाला टांगण्याचा हा उद्योग विद्वत्तेच्या नावाखाली खपला, याची खंत आजही वाटते.

मापनाचा तोच कंपास मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या हाती आला तेव्हा मात्र प्रश्न बदलला. बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या दोन बाजूंतील विषमता मोजली. गुरूला ती वंशावर अवलंबून आढळेल अशी अपेक्षा होती, पण मापांनी तसा कौल दिला नाही आणि बाईंनी तो दिलाही नाही. 1939 पासून डेक्कन कॉलेजात राहून, आणि वि. म. दांडेकरांच्या संख्याशास्त्राची जोड घेऊन, त्यांनी महाराष्ट्रातील जातीजातींची मापे घेतली. 1951 साली ती प्रसिद्ध झाली. एकाच नावाखाली नांदणाऱ्या जाती एका मूळ जातीचे तुकडे नसून निरनिराळे गट एकत्र येऊन बनलेले समूह आहेत, हे त्यांचे पुढील प्रतिपादन अशाच मापांच्या पायावर उभे आहे.

पुढे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालके मोजली. त्यांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडातील साउदम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो, परंतु खरा विस्मय वजनाच्या वाटणीत होता. दंडाचे स्नायू आणि पोटातील इंद्रिये यांत तूट मोठी, पाठीवरच्या त्वचेखालील चरबीत मात्र अल्प! बाहेरून कृश दिसणारे मूल आतून मेद राखून जन्मते आणि पुढे मधुमेहाकडे झुकते, ही गोष्ट नुसत्या तराजूला कधीच कळली नसती.

बीड जिल्हा ज्या महसुली विभागात मोडतो त्याच्या मुख्यालयी, तेव्हाच्या औरंगाबादेत, 2005 साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. आता अंगणवाडीताई खांदा व कोपर यांच्या मधोमध पट्टी गुंडाळते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषित ठरते. बीडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्या मधल्या महिन्यांत मुलाचे माप फडावर घ्यावे लागते, आणि गावच्या तक्त्याशी ते जुळवून ठेवणे हे आजच्या दप्तराचे सर्वांत निकडीचे काम आहे.