पर्वतीचा पैसा आणि सहा हजार मुखत्यारपत्रे

पुणे शहराच्या दक्षिणेस, पर्वतीच्या पलीकडे बिबवेवाडी नावाचे गाव होते. आज ते महानगरात मुरून गेले असून गाव आणि शहर यांतली शीव शोधूनही सापडणार नाही. परंतु या गावच्या शिवारातून दिसणारी पर्वतीची टेकडी मात्र जेथल्या तेथे आहे. शहरातून पाहणाऱ्यास देवालय आणि त्याच्या पायऱ्या तेवढ्या आठवतात. पायथ्याशी जी सपाट जागा आहे, तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा एक मोठा वाद, म्हणजे लोकांच्या नावाने दिला जाणारा पैसा कोणास द्यावयाचा आणि त्याचा जाब कोणी विचारावयाचा हा वाद, या टेकडीच्या वर आणि खाली असा दोन ठिकाणी वाढला.

खालच्या जागेची कथा आधीची. श्रावणमासी ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची चाल सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी घातली होती. सन १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि त्यानंतर ही चाल पेशव्यांनी पुण्यास आणली. पुढे तिचा पसारा इतका वाढला की दूरदूरच्या प्रांतांतून विद्वान आणि भिक्षुक श्रावणात पुण्याची वाट धरू लागले. गर्दी आवरण्यासाठी पर्वतीच्या पायथ्याशी भिंतींनी वेढलेले आवार होते. त्यास रमणा म्हणत. आत घ्यावयाचे, मोजावयाचे आणि बाहेर पडताना हातावर द्रव्य ठेवावयाचे, असा तो सोहळा. आवार आता उरले नाही. पण त्या भागातला रमणा गणपती ते नाव अजून सांभाळून आहे.

आरंभी विद्येची परीक्षा पाहून दक्षिणा देण्याचा हेतू होता. परंतु जेथे हजारोंची रीघ लागते, तेथे परीक्षा कोणाची आणि किती घेणार? दुसऱ्या बाजीरावाच्या काळी विद्वानाइतकाच निव्वळ भिक्षुकही या वाटपाचा धनी झाला होता. ज्या रयतेच्या वसुलातून हे द्रव्य येई, त्या रयतेला त्यात वाटा नव्हता, आणि तसे विचारावे हे कोणाच्या मनातही आले नसेल.

१८१८ साली पेशवाई बुडाली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हा चतुर मनुष्य होता. जुनी दाने एका फटक्यात बंद केली तर लोक बिथरतील हे त्याने ओळखले. म्हणून दक्षिणेतील पन्नास हजार रुपयांची सालीना रक्कम राखून ठेवण्यात आली आणि तिचाच काही भाग वळवून ऑक्टोबर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. दान अशा रीतीने शिक्षणाकडे वळले. तथापि घेणारा वर्ग तोच राहिला.

पहिली खरी ठिणगी १८४९ मध्ये पडली. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्या विचाराची काही तरुण मंडळी यांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेच्या निधीतला काही पैसा चांगले मराठी ग्रंथ लिहिणारास बक्षीस म्हणून द्यावा, मग तो लिहिणारा कोणत्याही जातीचा असो, एवढेच त्यांचे मागणे. आज वाचताना हे मागणे किती सौम्य वाटते! पण त्या दिवशी पुण्यात वणवा पेटला. अर्जावर सह्या करणाऱ्यांस वाळीत टाकण्याच्या, मारहाणीच्या धमक्या सुरू झाल्या. अशा वेळी जोतीराव फुले यांनी महार आणि मांग समाजातील माणसे जमवून या तरुणांच्या पाठीशी उभी केली. म्हणजे ब्राह्मण सुधारकांचे रक्षण करण्यास ज्यांस दक्षिणेतील एक कवडी कधी मिळाली नव्हती, तेच धावले.

अर्जाचे फळ मिळाले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. मराठी गद्याच्या वाढीस तिने हातभार लावला हे नाकारता येणार नाही. परंतु पैसा कोणत्या कामास द्यावयाचा हे ठरविणारे हात बदलल्याखेरीज नुसता नियम बदलून फारसे साधत नाही, याचाही दाखला याच कमिटीने दिला. १८५५ मध्ये फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून कमिटीपुढे ठेवले. अडाणी कुणबी कुटुंबास भोंदू जोशी कसा लुबाडतो, हा त्याचा विषय. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून निघावयास १९७९ साल उजाडावे लागले.

आता टेकडीच्या वरची कथा. पर्वतीचे देवदेवेश्वराचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी बांधविले. ते १७४९ मध्ये पुरे झाले. याच टेकडीवर १७६१ च्या जूनमध्ये, पानिपतच्या दुःखाने खचलेल्या नानासाहेबांनी देह ठेवला. पेशवाईनंतर देवस्थानचा खर्च सरकारी नेमणुकीवर चाले आणि कारभार पंचांकडे असे. पुढे या पंचांच्या कारभाराविषयी शहरात कुरबूर सुरू झाली. कुरबूर नवीन नव्हती. देवस्थान आणि कुरबूर यांची जोडी फार जुनी आहे. नवीन होते ते पुढचे पाऊल. तक्रार करणाऱ्यांपुढे प्रश्न आला की आपण बोलावयाचे ते कोणाच्या वतीने? पंच म्हणणार, तुम्ही कोण? सरकारही तेच म्हणणार.

या प्रश्नाचे उत्तर गणेश वासुदेव जोशी या साताऱ्याहून आलेल्या वकिलाने काढले. १८६७ च्या सुमारास पुण्यात एक मंडळी स्थापन झालीच होती. तिचेच रूपांतर २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेत झाले. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष. जोश्यांच्या वकिली बुद्धीचा कस सभेच्या घटनेत दिसतो. ज्यास सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम त्यांनी घातला. पक्षकाराने वकीलपत्र दिल्यावाचून वकिलाने न्यायासनापुढे उभे राहू नये, तोच दंडक येथेही. पंचाण्णव सभासद सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन आले. मतपेटी ज्या देशात कोणी पाहिली नव्हती, तेथे हा हिशेब घराघरांतून सह्या गोळा करून मांडला गेला.

इंग्लंडातही याच सुमारास धर्मादायांच्या हिशेबाचा प्रश्न गाजला होता. तेथे १८५३ च्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांचे मंडळ नेमले गेले. पण तेथे चौकशी सरकारने पार्लमेंटच्या अधिकाराने केली. येथे लोकांस आपला अधिकार आधी स्वतःच निर्माण करावा लागला.

सभा पर्वतीपुरती थांबली नाही. १८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे पुण्यास बदलून आले आणि सभेच्या अर्जांस आकड्यांचे बळ मिळाले. दख्खनच्या शेतकऱ्यांची स्थिती तपासण्यात आली. १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची हकीकत सभेने सरकारपुढे ठेवली. १८७८ पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. जोशी स्वतः अंगावर हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालीत, आणि त्याच वेषात ते १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेचे मानपत्र घेऊन गेले. लोक त्यांस सार्वजनिक काका म्हणू लागले. संस्थेचे नाव माणसास चिकटले, असे भाग्य थोड्यांच्या वाट्यास येते. १८८० मध्ये ते वारले.

मुखत्यारपत्राची ही कल्पना सरकारला सदैव मानवणारी नव्हतीच. १८९५ मध्ये सभेची सूत्रे टिळकांच्या पक्षाकडे गेली; रानडे यांच्या अनुयायांनी पुढल्या वर्षी डेक्कन सभा वेगळी काढली. १८९६ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेचे प्रचारक खेड्यापाड्यांत जाऊन, पीक बुडाले असता सारा सूट मागण्याचा हक्क तुम्हांस आहे, असे शेतकऱ्यांस सांगू लागले. नियम सरकारचाच होता. तो शेतकऱ्यास कळावा एवढेच सभेने केले. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. यापुढे लोकांच्या वतीने तिने लिहिलेल्या अर्जास उत्तर मिळणार नव्हते.

धर्मादाय संस्थांनी नोंदणी करावी, हिशेब तपासून घ्यावेत आणि ते सरकारी अधिकाऱ्यापुढे ठेवावेत, हा नियम मुंबई राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने आला. पर्वतीच्या पंचांस हिशेब विचारावयास निघालेल्या लोकांनी मुखत्यारपत्रे गोळा केली, त्यास तेव्हा ऐंशी वर्षे होऊन गेली होती.